खोबरेल तेलाचा लेख

तापीच्या काठी सावरखेडे नावाचं गाव आहे. तिथे मुकुंद भावसार नावाचा एक कारागीर राहायचा. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बाजारपेठेत त्याचं छोटंसं दुकान होतं. मशीन नुसती चालवून पाहिली, की आवाजावरून तो दुखणं ओळखायचा. आसपासच्या गावांतल्या शिवणकाम करणाऱ्या बायका त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायच्या.

पण आता घरोघरी तयार कपडे येऊ लागले होते. गावात मशीनच कमी झाल्या, तर दुरुस्तीला कुठून येणार? मुकुंदची बायको रोहिणी संगणकाचा वर्ग चालवायची. तिनेच सुचवलं की आपण दुकानाची वेबसाइट काढू. सुया, पट्टे, बॉबिन, सगळे सुटे भाग पोस्टाने पाठवता येतील. गावाबाहेर कितीतरी लोकांकडे मशीन आहेत, त्यांना दुकान दिसायला हवं.

दिवाळीच्या पाडव्याला वेबसाइट सुरू झाली. वर दुकानाचा फोटो, खाली फोन नंबर आणि कोपऱ्यात, त्या दिवशी किती जणांनी भेट दिली याचा आकडा. पहिल्या दिवशी आकडा तीन झाला. एक भेट मुकुंदची होती, एक रोहिणीची आणि एक तिच्या नाशिकच्या भावाची. दुसऱ्या दिवशी भाऊ आला नाही, म्हणून दोनच झाल्या.

रोहिणीने चौकशी केली, तेव्हा कारण कळलं. लोक वेबसाइटवर उगाच येत नाहीत. त्यांना काहीतरी अडलेलं असतं, त्याचं उत्तर ते शोधत असतात. उत्तर देणारे लेख असतील, तर लोक येतात आणि आले की दुकानही बघतात. म्हणून लेख हवेत.

मुकुंद कागद-पेन घेऊन बसला. ‘शिलाई मशीन हे एक उपयुक्त यंत्र आहे,’ एवढं एक वाक्य त्याने लिहिलं. पुढे काही सुचेना. हातात पेचकस असला की त्याची बोटं भराभर चालायची, पेन धरलं की जड व्हायची. तीन दिवसांनी त्याने तो कागद तेलाने माखलेल्या सुईदांड्या पुसायला वापरला.

मग शहरातला पराग नावाचा माणूस सापडला. तो वेबसाइटवाल्यांना लेख पुरवायचा. विषय कुठलाही असो, हवे तेवढे लेख, तेही आठ दिवसांत. मुकुंदने पन्नास सांगितले. आठव्या दिवशी पन्नास लेख खरोखरच येऊन पडले. मुकुंदने पहिले दोन वाचले. सुई कशी निवडावी, मशीन कुठे ठेवावी, भाषा गुळगुळीत, चूक काही नाही. तो खूश झाला. त्याने रोहिणीला सांगितलं की बाकीचे सगळे लावून टाक.

रोहिणीने विचारलं, की आधी वाचायला नकोत का. मुकुंद म्हणाला, वाचू सावकाश, आधी लोक तर येऊ देत.

आणि लोक आले. पहिल्या आठवड्यात मिळून शंभरावर माणसं आली. पुढच्या आठवड्यात रोज शंभर होऊ लागले. मुकुंदला दुसरं काही सुचेना. मशीन उघडलेली असायची आणि हा मधेच उठून आकडा बघून यायचा. जेवताना सांगायचा, आज कोल्हापूरहून कोणी आलं, आज बेळगावहून. महिनाभरात एका दिवसाचा आकडा सातशेवर गेला. त्या दिवशी त्याने पेढे आणले आणि शेजारच्या दुकानांत वाटले.

या सातशेपैकी पाचशे माणसं एकाच लेखावर येत होती. त्या लेखाचं नाव होतं ‘शिलाई मशीन आणि खोबरेल तेलाची जादू’.

हे नाव पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मुकुंद थबकला होता. मशीनमध्ये खोबरेल घालू नये, हे त्याच्या हाताखाली शिकणाराही पहिल्याच दिवशी शिकायचा. खोबरेल आत चिकट होतं, आणि थंडीत तर मेणासारखं गोठतं. लेख उघडून वाचावा, असं त्याच्या मनात आलं. पण त्याच वेळी आकडा पाचने पुढे सरकला. कदाचित मशीनच्या लाकडी फळीला तेल लावायचं लिहिलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि लेख न उघडताच तो पुढे गेला.

जानेवारी उजाडला. त्या वर्षी खानदेशात कडाक्याची थंडी पडली. एकवीस तारखेला सकाळी दुकान उघडताच फोन वाजला. फोनवर नजमा पिंजारी नावाची बाई होती. सातपुड्याच्या पायथ्याशी उमरपाडा नावाची वस्ती आहे, तिथून ती बोलत होती. ती आणि आणखी चार बायका मिळून शिवणकाम करायच्या. मशीन तीनच होत्या, पाळीपाळीने चालवायच्या. गावातल्या शाळेच्या लेझीम पथकासाठी चाळीस गणवेश शिवायचं काम त्यांना मिळालं होतं. सव्वीस जानेवारीला मुलं ते घालून तालुक्याच्या मैदानावर जाणार होती. एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. म्हणून काम सुरू करण्याआधी त्यांनी तिन्ही मशीनना नीट तेलपाणी करायचं ठरवलं, आणि कसं करावं ते वेबसाइटवर वाचलं.

काही दिवस त्या चालल्या, पण थंडी वाढली तशा आता तिन्ही मशीन जागच्या हलत नव्हत्या. सोळा गणवेश झाले होते, चोवीस राहिले होते.

नजमाच्या आवाजात राग नव्हता. तिचा प्रश्न साधा होता.

“भाऊ, तुम्ही लिहिलं होतं तसंच खोबरेल घातलं. कमी पडलं का? अजून घालू?”

मुकुंदच्या हातातली किल्ली तशीच राहिली. त्या बाईने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी ती त्याच्या शब्दावर आणखी तेल ओतायला तयार होती.

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. मशीन जुन्या आहेत, थंडीने असं होतं, तालुक्याला कुणाला तरी दाखवा. ती म्हणाली असती, बरं भाऊ. तिला कधीच कळलं नसतं. हे शब्द मुकुंदच्या ओठांपर्यंत आलेही. त्याने ते गिळले.

“ताई, आता एक थेंबही घालू नका,” तो म्हणाला. “चूक तुमची नाही, माझी आहे. तो लेख मी लिहिला नव्हता आणि लावण्याआधी वाचलाही नव्हता. नाव बघून शंका आली होती, तरी वाचला नाही. मी आज येतो.”

मग नजमाने कोणती एसटी पकडायची आणि कुठल्या फाट्यावर उतरायचं, ते सांगितलं.

मुकुंदने पिशवीत हत्यारं भरली, रॉकेलचा डबा आणि मशीनच्या तेलाच्या चार बाटल्या घेतल्या. निघण्यापूर्वी त्याने रोहिणीला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली की आजपासून आणखी कुणाची मशीन अडकू नये याचं बघायला हवं, आणि ते काम ती लगेच हाती घेते.

दुपारी बारा वाजता तो उमरपाड्याला पोहोचला. पाचही बायका अंगणात वाट बघत होत्या. कुणी पाणी दिलं, कुणी चहा ठेवला. त्यांच्यातली सगळ्यात मोठी गोदाबाई मात्र हाताची घडी घालून उभी राहिली. तिने त्याला विचारलं की स्वतःला माहीत नसलेलं लोकांना कशाला सांगता. मुकुंदने मान खाली घातली. तो म्हणाला, “मावशी, मला माहीत होतं. वाईट तर त्याचंच वाटतंय.” गोदाबाईने त्याला बसायला पाट दिला.

मग काम सुरू झालं, आणि काय काम ते. मुकुंदने तिन्ही मशीनची डोकी, म्हणजे वरचे लोखंडी भाग, काढून उन्हात ठेवली. ऊन लागलं तसं आत गोठलेलं खोबरेल पातळ होऊन निथळू लागलं. बायकांनी जुन्या साड्यांच्या चिंध्या आणल्या. तेलाच्या एकेका भोकात मुकुंदने रॉकेलचे थेंब सोडले. नजमाने चाक हळूहळू फिरवलं. पहिल्यांदा चाक बोटभर हललं. मग वीतभर. मग काळा, चिकट मळ बाहेर येऊ लागला आणि चार चार हात तो पुसू लागले. तासाभराने पहिल्या मशीनचं चाक गर्रकन फिरलं, तेव्हा अंगणात एकदम हसू फुटलं. मुकुंदने त्या मशीनमध्ये खरं मशीनचं तेल घातलं, फडक्यावर दोन शिवणी मारून पाहिल्या आणि म्हणाला की बसा. एक बाई लगेच बसली. दुसऱ्या मशीनची सफाई चालू असताना पहिल्या मशीनवर सतरावा गणवेश तयार होत होता.

काम करता करता बायका प्रश्न विचारू लागल्या. एकीने विचारलं, कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचा गुंता होतो, मी सारखं खालचं बॉबिन बदलते, तरी का होतो? मुकुंद म्हणाला की गुंता खाली दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतो. कापडावर दाबणारा पाय उचलून धागा नव्याने ओवला, की तो नीट बसतो. तिने लगेच करून पाहिलं. गुंता गेला. ती दोन वर्षं त्या गुंत्याला वैतागली होती. तिने बाकीच्यांना हाका मारून ती शिवण दाखवली.

मग प्रश्नांची सरबत्तीच सुरू झाली. जाड कापडावर सुई का मोडते? मशीन चालताना पट्टा का निसटतो? शिवण मधेच टाके का सोडते? मुकुंद एकेकाचं उत्तर देत होता, दाखवत होता, त्यांच्याकडून करून घेत होता. गोदाबाईने विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्याला आलं नाही. ताणलं जाणारं एक नवीन कापड बाजारात आलं होतं, ते शिवताना लाटा का पडतात, असं तिने विचारलं होतं. मुकुंद म्हणाला की मला माहीत नाही, करून बघतो आणि कळवतो. हे ऐकून गोदाबाई पहिल्यांदा हसली.

दिवस कलायच्या आत तिन्ही मशीन धावू लागल्या. पाच बायका, तीन मशीन, काजं-गुंड्यांना बाकीचे हात. पंचवीस तारखेला दुपारी चाळिसावा गणवेश इस्त्री होऊन घडी झाला. नजमाने फोन करून तसं कळवलं.

पण मुकुंदची खरी परीक्षा अजून व्हायची होती.

एकवीस तारखेलाच उमरपाड्याहून परतताना तो एसटीत विचार करत होता. नजमाने फोन केला म्हणून कळलं. ज्यांनी फोन केला नाही, त्यांचं काय? रोज पाचशे माणसं तो लेख वाचत होती. गावी पोहोचला तर रोहिणीने तो लेख बंद करून ठेवला होता आणि परागला कळवलंही होतं. परागचा लगेच फोन आला. तो मुकुंदचं वाईट चिंतत नव्हता. त्याने समजावून सांगितलं की हा लेख इंटरनेटच्या शोधयादीत पहिला आला आहे, असं भाग्य सहज मिळत नाही. ते पान काढू नका. ‘खोबरेल’ शब्द काढून गुपचूप ‘मशीनचं तेल’ करा. कोणाला कळणारही नाही आणि लोक येत राहतील.

रोहिणीने मुकुंदकडे पाहिलं. निर्णय त्याचा होता. आकड्यावर त्याचा किती जीव आहे, हे तिला माहीत होतं.

मुकुंद म्हणाला, “शब्द बदलला, तर पुढे येणारे वाचतील. पण ज्यांनी आधीच खोबरेल घातलंय, त्यांना कोण सांगणार?”

त्याने रोहिणीला लिहायला सांगितलं आणि तो बोलत गेला. त्याच पानावर, त्याच पत्त्यावर, सगळ्यात वर ठळक अक्षरांत मजकूर आला. ‘या पानावर आम्ही तुम्हाला चुकीची माहिती दिली होती. मशीनमध्ये खोबरेल तेल घालू नका. घातलं असेल, तर घाबरू नका. मशीन अशी साफ करा.’ त्याखाली उन्हात ठेवण्यापासून खऱ्या तेलापर्यंत एकेक पायरी होती. शेवटी लिहिलं होतं की आमच्या लेखामुळे ज्यांची मशीन अडकली, त्यांनी ती दुकानात आणावी किंवा फोन करावा, आम्ही ती चालू करून देऊ.

बाकीचे एकोणपन्नास लेखही त्याने उतरवले. मग एकेक वाचायला घेतला. काही ठीक होते, ते परत लावले. काही पोकळ होते, ते टाकून दिले. आणखी दोन लेखांत चुका सापडल्या. आकडा मात्र भराभर खाली आला. सातशेचे तीनशे झाले, तीनशेचे नव्वद.

फोन मात्र थांबेना. तेवीस जणांनी खोबरेल घातलं होतं. काही चिडून बोलले, एका शिंप्याने तर बरंच सुनावलं. मुकुंदने प्रत्येकाचं ऐकून घेतलं. एका हाताने फोन धरून तो दुसऱ्या हाताने समोरची मशीन चालवायचा आणि पलीकडच्याला सांगायचा की तुमच्या चाकाचा आवाज असा येतोय का ऐका. अठरा मशीन फोनवरच सुरू झाल्या. पाच दुकानात आल्या, त्या त्याने साफ करून परत पाठवल्या.

आणि या फोनांतून एक नवीच गोष्ट घडली. मशीन सुरू झाली, की माणूस फोन ठेवत नसे. तो म्हणायचा, आता एक विचारू का? मुकुंद सांगू लागला, की रोहिणी बाजूला बसून टिपून घ्यायची. एका संध्याकाळी तिने टिपलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं. धाग्याचा गुंता, मोडणारी सुई, निसटणारा पट्टा. मुकुंद थक्क झाला. हे तर लेख होते. कागदासमोर बसून त्याला एक वाक्य सुचत नव्हतं, आणि इथे अडलेल्या माणसाशी बोलता बोलता अकरा लेख तयार झाले होते.

त्याच्या अंगात नवा उत्साह संचारला. तो दुकानात बोलायचा, रोहिणी लिहायची, मग तो लिहिलेलं मशीनवर करून बघायचा, आणि नीट जमलं तरच लेख वेबसाइटवर जायचा. गोदाबाईच्या प्रश्नासाठी त्याने ते ताणणारं कापड विकत आणलं. नऊ वेळा शिवलं, नऊ वेळा लाटा पडल्या. दहाव्यांदा गोल टोकाची सुई लावली, दाब कमी केला, आणि कापड सपाट आलं. तो दुकानातून तसाच घरी धावत गेला आणि रोहिणीला ते कापड दाखवलं. दुसऱ्या दिवशी लेख लागला. त्यावर लिहिलं होतं की हा प्रश्न उमरपाड्याच्या गोदाबाईंचा आहे.

फेब्रुवारी सरला, मार्च आला. आकडा हळूहळू चढू लागला. नव्वदचे दीडशे, दीडशेचे चारशे. आता एकाच लेखावर गर्दी नव्हती. माणसं एक लेख वाचून दुसरा उघडत होती, मग सुया मागवत होती, पट्टे मागवत होती. पोस्टमनला रोज दुकानावर थांबावं लागू लागलं.

एप्रिलमध्ये एके सकाळी बाजारपेठेत एक मिनीबस येऊन उभी राहिली. आतून बावीस मुली आणि त्यांच्या शिक्षिका उतरल्या. शिक्षिकेचं नाव तेजस्विनी धामणस्कर होतं. त्या कोकणात शिवणकामाचा वर्ग चालवायच्या आणि सहलीला म्हणून सगळ्यांना घेऊन इतक्या लांब आल्या होत्या. मुकुंद गोंधळला. त्याने विचारलं की माझ्या दुकानात बघण्यासारखं काय आहे?

बाई म्हणाल्या, “मशीनबद्दल लिहिणारे खूप आहेत. मी कुणाचं खरं मानावं, ते कळत नव्हतं. मग तुमचं ‘आम्ही चुकीची माहिती दिली होती’ हे पान सापडलं. ते वाचलं आणि तुमचं बाकीचं सगळं वाचून काढलं.”

रोहिणीने पटकन पुढे होऊन मुलींना आत बोलावलं. दुकान एवढंसं, त्यात बावीस जणी मावेनात. मग मुकुंदने एक मशीन उचलून बाहेर ओट्यावर आणली. मुली भोवती दाटीवाटीने बसल्या. त्याने मशीनची पाठ उघडली, चाक फिरवलं आणि आतली सगळी चाकं, दांड्या, काटे एकदम हलू लागले. मागच्या मुली टाचा उंच करून बघू लागल्या. एका मुलीने हात वर केला आणि पहिला प्रश्न विचारला.

तात्पर्य: लोकांना बोलवायचं असेल, तर जे स्वतःला माहीत आहे आणि स्वतः तपासलं आहे, तेच सांगावं, आणि चूक झालीच, तर जिथे ती केली तिथेच उघडपणे कबूल करून दुरुस्त करावी.